कपाटातलं रुजवण

गेल्या अंकात मी भूमध्य समुद्रातल्या माल्टातल्या नाताळाबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. भाचा तिथे हॉटेलात स्वयंपाकी आहे, त्याच्याकडे राहिले, आणि मध्यरात्रीच्या मिसाला पाद्रीऐवजी एक लहान मूल प्रवचन करतं हे पाहून आले, एवढंच. त्या चार ओळींवर इतकी पत्रं आली की या महिन्यात गुडघेदुखी आणि सुनेच्या तक्रारी बाजूला ठेवून सगळा अंक माल्टालाच द्यावा लागतोय. सुनांनी राग मानू नये.

मुलगी माल्टात नर्स आहे. या डिसेंबरला या म्हणते. आमचे हे म्हणतात, नाताळ तर आपल्या दारात होतो, तो बघायला एवढे पैसे खर्चून समुद्रापलीकडे कशाला? तुम्ही काय म्हणाल? — एक आई, फोंडा

तुमच्या ह्यांचं म्हणणं अर्धं खरं आहे. मी पहिल्यांदा गेले तेव्हा मलाही तसंच वाटलं होतं, कारण गेले ती टूरबरोबर. टूरवाल्याचं नाव घेत नाही, माणूस अजून बाजारात भेटतो. चोवीस तारखेची रात्र आम्ही समुद्रकाठच्या एका हॉटेलात काढली. थर्माकोलचा बर्फ, डोक्यावर कागदी टोप्या, कानठळ्या बसवणारा डीजे आणि ताटात कोरडीठाक टर्की. साडेअकराच्या सुमारास लांबून घंटा ऐकू आल्या. मी गाइडला म्हटलं, बाबा रे, चर्च जवळ दिसतंय, जाऊ या का? तो म्हणाला, मॅडम, प्रोग्राममध्ये नाही. दुसऱ्या दिवशी दुकानं बंद, बस तासाला एक, आणि आम्ही चौदा माणसं खोलीत बसून बरोबर नेलेला चिवडा खात होतो. असला नाताळ बघायचा असेल तर खरंच फोंड्यातच थांबा. शेजारी बोलावतील, सान्ना नि सारपातेल तरी गरम मिळेल.

दुसऱ्या खेपेला भाच्याकडे गेले. तो राहतो गोझोला. माल्टा म्हणजे एक बेट नव्हे, सिसिलीच्या दक्षिणेला असलेला बेटांचा पुंजका. मोठं ते माल्टा, त्याच्या वायव्येला गोझो, मधे चिमुकलं कोमिनो. सगळं मिळून ३१६ चौरस किलोमीटर. आपल्या गोव्यात अकरा माल्टा बसतील. मोठ्या बेटाच्या टोकाला चिर्केव्वाच्या धक्क्यावर फेरीबोट धरायची, पंचवीस मिनिटांत गोझोचं इम्जार बंदर. बोटीवर गाड्या चढतात, लोक चहा पितात, कुणीतरी खलाशाशी गप्पा मारत उभा असतो. दिवाडीची फेरी थोडी मोठी केली की झालं.

भाचा वरच्या मजल्यावर भाड्याने राहतो, खाली घरमालकीण. वय ऐंशीच्या पुढे. सगळे तिला नान्ना म्हणतात, म्हणजे आजी. आपल्याकडे नाना म्हटलं की टोपी घातलेला गृहस्थ डोळ्यांपुढे येतो, त्यामुळे पहिले दोन दिवस माझी पंचाईत झाली. तिला माझं नाव येईना, मला तिचं जमेना, मग ती मला ‘गोवा’ म्हणू लागली आणि मी तिला नान्ना.

आठ डिसेंबरला पोचले. सुट्टी होती. निष्कलंक मातेचं फेस्त, म्हणजे आपल्या पणजीच्या चर्चचं जे फेस्त, त्याच दिवशी! इकडे जत्रेत खाजं, चणे, माडाच्या गुळाची ढेप; तिकडे बोर्मला नावाच्या गावात मिरवणूक आणि बँड. रात्री थंडी वाजली म्हणून आणखी एक चादर मिळेल का ते बघायला नान्नाच्या जिन्याखालचं कपाट उघडलं, तर खालच्या फळीवर चार बशा. बशांत ओला कापूस, आणि कापसातून वर आलेला पांढराशुभ्र केसांचा झुपका. म्हातारीच्या सुटलेल्या अंबाड्यासारखा, लांब, लवचीक, टोकाला पिवळसर दोन पानं. मी वाकून बघतेय तोवर मागून नान्ना ओरडली. भाषा कळली नाही तरी अर्थ कळला: दार लाव!

ती जुलबीना. रानवाटाण्याच्या कुळातलं बारीक बी. नाताळच्या पाचेक आठवडे आधी कापसावर पेरायचं, अंधारात ठेवायचं, अधूनमधून पाणी शिंपडायचं. उजेड मिळाला नाही की पानात हिरवा रंग धरत नाही, आणि उजेड शोधत देठ नुसता लांबत जातो. चोवीस तारखेला त्या बशा कपाटातून निघतात आणि गोठ्यातल्या बाळ येशूच्या भोवती मांडल्या जातात.

मला सांगा, घटस्थापनेचं रुजवण याहून वेगळं काय करतं? आमच्या घरी देवघराच्या कोपऱ्यात परातीत माती, त्यात नऊ धान्यं, आणि आजी सांगायची, खिडकी उघडू नका, पिवळं यायला हवं. दसऱ्याला ते पिवळं रुजवण कानावर खोचून आम्ही गावभर हिंडायचो. आमच्या म्हापशातल्या वाड्यावरची ख्रिस्ती मुलं गोठ्याभोवती हिरवळ दिसावी म्हणून डिसेंबर लागला की नाचणी पेरतात, ती मात्र उन्हात. मी कपाटासमोर उभी राहून नान्नाला खुणांनी सगळं सांगितलं: परात, माती, नऊ बोटं, कान. तिला कितपत कळलं देव जाणे. पण दुसऱ्या दिवसापासून पाणी शिंपडायचं काम माझ्याकडे आलं.

तर तुमच्या ह्यांना सांगा, हे बघायला जायचं. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात पोचा. मुलगी मोठ्या बेटावर राहत असली तरी चोवीसची रात्र एखाद्या गावात काढा. राजधानी व्हॅलेटातली रोषणाई एका संध्याकाळीत होते, आणि पणजीत राहिलेल्या माणसाला रोषणाईचं अप्रूप ते किती. त्यापेक्षा इमदिना नि रबात ही गावं बघा. रबातच्या डोमिनिकन मठात १६१७ साली माल्टातला पहिला गोठा मांडला असं तिथले लोक सांगतात. गोठ्याला ते प्रेसेप्यू म्हणतात, आतल्या मातीच्या बाहुल्यांना पस्तूरी. प्रत्येक गावात कुणी ना कुणी घराचं दार, नाहीतर गॅरेजचं शटर उघडं ठेवून आपला प्रेसेप्यू लोकांना दाखवतो. काहींत मोटर बसवलेली असते: पवनचक्की फिरते, सुतार रंधा मारतो, विहिरीतून घागर वर येते. मालक बाजूला खुर्ची टाकून बसलेला, बघणाऱ्याच्या तोंडाकडे बघत. आपल्याकडे चतुर्थीला देखावे करणारे असेच बसतात, ‘वा’ कधी येतो त्याची वाट बघत. तेव्हा ‘वा’ म्हणा. मराठीत म्हटलं तरी पोचतं.

आणि गोझोत भाच्याच्या गावी, आइनसिलेमला, अख्ख्या शेतात बेथलेहेम वसवतात. २००९ पासून. गावातलीच दीडेकशे माणसं त्या काळचे कपडे घालून वावरतात. कुंभार, लोहार, पाव भाजणारे, शेळ्या, गाढव. मी गेले तेव्हा पाऊस पडून गेलेला, चिखल. पायघोळ झगा वर खोचून एक रोमन शिपाई कोंबडीमागे धावत होता. झग्याखाली गमबूट.

व्हिसा शेंगेनचा लागतो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, तेव्हा गणपतीचं विसर्जन झालं की लगेच करा, दिवाळीची वाट बघू नका. आणि थंडी. दिवसा पंधरा-सोळा अंश, रात्री दहाच्या आसपास. वाचायला काहीच वाटत नाही. पण घरं दगडाची, भिंती ओल धरणाऱ्या, पावसाचे दिवस, आणि उत्तर-पूर्वेकडून वारा सुटला की हाडं वाजतात. त्या वाऱ्याला ते ग्रिगाल म्हणतात. मी गोव्याची माणूस, लोकरीचे मोजे घेऊन गेले नव्हते. भाच्याचे घातले, तीन आठवडे.

आम्ही दोघं हिंदू. मध्यरात्रीच्या मिसाला चर्चमध्ये जाऊन बसलो तर तिकडे कुणी हरकत घेईल का? — एक जोडपं, साखळी

इथे कुणी घेतं का? मग तिथे का घेतील. खांदे आणि गुडघे झाकलेले असावेत, फोन बंद. कुमगारासाठी, म्हणजे पाद्रीच्या हातून प्रसाद घ्यायला, रांग लागते तेव्हा बाकावर बसून राहायचं, रांगेतल्यांना वाट द्यायची. व्हॅलेटातल्या सेंट जॉन्स या मोठ्या चर्चमध्ये आणखी एक गोष्ट: टोकदार टाचांच्या चपला आत चालत नाहीत. जमीन म्हणजे नाइट लोकांच्या, जुन्या ख्रिस्ती लढवय्यांच्या कबरी, रंगीत संगमरवराच्या, चारशेच्या आसपास. त्यांच्यावर पाय देतच पुढे जावं लागतं. मला आधी अवघड वाटलं, मग जुन्या गोव्यातल्या चर्चांची आठवण झाली, तिथेही तेच करतो आपण.

पण तुम्हाला खरा धक्का बसेल तो वेगळाच. मिसा चालू असते माल्टी भाषेत, आणि पाद्री देवाला म्हणतो ‘अल्ला’. मी दचकून भाच्याकडे बघितलं. कडवे कॅथलिक लोक, पण भाषा मुळात अरबी वळणाची, लिहितात रोमन लिपीत. नाताळला म्हणतात मिलीद, ईदे-मिलादमधला मिलाद तोच. शुभेच्छा द्यायच्या तर ‘इल-मिलीद इत-तय्येब’. आणि आभार मानायचे तर थेट इटालियन, ‘ग्रात्सी’. आमची कोकणी-मराठी-पोर्तुगीज खिचडी ऐकून नाक मुरडणाऱ्यांना मी आता हे उदाहरण देते.

व्याह्यांच्या ओळखीचं एक माल्टी कुटुंब आहे, त्यांच्याकडे उतरणार आहोत. कुस्वाद (नाताळचा फराळ) म्हणून इथून काय न्यावं? — पेडणे

आधी काय नेऊ नये ते ऐका. मी दोन किलो पेढे नेले, खास ऑर्डर देऊन केलेले. विमानतळावर बॅग उघडली. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणता येत नाहीत, आणि पेढा म्हणजे दुधाचाच गोळा. तो अधिकारी सभ्य होता, सॉरी म्हणाला. पण म्हणता म्हणता पिशवी पिंपात. वास आला तेव्हा त्याच्यादेखील मनात आलं असेल, मी शपथेवर सांगते.

नारळ मात्र चालतो! फळं-भाज्या न्यायला प्रमाणपत्र मागतात, त्यातून पाच फळं सुटलेली आहेत: अननस, केळं, खजूर, ड्युरियन आणि नारळ. तेव्हा पेडण्याचे दोन सोललेले नारळ बिनधास्त टाका बॅगेत, शेंडी ठेवून. नान्नाला मी नारळ फोडून दाखवला तेव्हा शेजारच्या दोघी बघायला आल्या होत्या. बाकी दोदोल न्या. तांदूळ, गूळ, नारळाचा रस, दुधाचा थेंब नाही, आणि टिकतो. नेवऱ्या नेल्यात तर डब्यात कापडात गुंडाळून. माझ्या निम्म्यांचा चुरा झाला, तो भाच्याने दह्यात घालून खाल्ला.

बदल्यात तुम्हाला मिळतील बांगडीएवढ्या मोठ्या गोल कड्या. नाव आआ-ताल-आसेल, उच्चारताना घशात काटा अडकल्यासारखा आवाज काढावा लागतो. नावाचा अर्थ मधाच्या कड्या. पण मी खाल्ल्या त्यांत मधाचा पत्ता नाही, काळी काकवी! काकवीत रवा शिजवायचा, त्यात संत्र्याची साल, लवंग, बडीशेपेसारखा वास, आणि हे सारण पातळ कणकेत गुंडाळून गोल वळायचं. वरून कातरीने चिरा द्यायच्या म्हणजे भाजताना काळं सारण बाहेर डोकावतं. नान्नाने माझी नेवरी मोडून आत बघितलं, मी तिची कडी मोडून आत बघितलं. रवा तिकडेही, रवा इकडेही. दोघी हसलो. मग ती म्हणाली (भाच्याने सांगितलं) की तुझ्या पारीला तेल जास्त झालंय. खरं होतं.

३१ डिसेंबरला तिकडे पार्टी कुठे चांगली असते? — वास्को

सेंट ज्युलियन्सला पाचव्हिल नावाचा भाग आहे. बागा-कळंगुट बघितलं असेल तर तिकीट वाचेल.

नुस्त्याशिवाय (मासळीशिवाय) आमच्या सासूबाईंना जेवण जात नाही. तिकडे नाताळात काय जेवतात? — मडगाव

सासूबाईंना बिनघोर न्या. लाम्पुका नावाचा मासा ऑगस्टच्या मध्यापासून डिसेंबरपर्यंत मिळतो. कोळी समुद्रात माडासारख्या झाडाच्या झावळ्या बांधून तराफे सोडतात, मासा त्यांच्या सावलीला जमतो, मग जाळं टाकायचं. त्याची ‘पाय’ करतात, म्हणजे पिठाच्या पारीत भरून भाजतात, आत पालक, ऑलिव्ह, कांदा. मसाला शून्य. मी बॅगेतून रेशाद मसाल्याची बाटली नेली होती, ती पहिल्या आठवड्यातच तळाला गेली.

पंचवीसच्या जेवणाला आता टर्की असते. ती इंग्रजांनी आणली. १९६४ पर्यंत त्यांचंच राज्य, त्यामुळे नाताळचं झाड, पुडिंग आणि पँटो नावाचं विनोदी नाटक हे सगळं त्यांच्याकडून. पँटोमधे पुरुष बाईचा वेष घेतो आणि पुढाऱ्यांची रेवडी उडवतो. तियात्र आवडत असेल तर एक जरूर बघा. त्याआधी मात्र नाताळला कोंबडा असायचा. नान्ना सांगते, तिच्या लहानपणी वर्षभर गच्चीवर कोंबडा पोसायचे आणि चोवीसला त्याला सोलून, बटाट्यांच्या थरावर मांडून, ती परात पाववाल्याच्या भट्टीत नेऊन द्यायचे, कारण घरात भट्टी कुणाकडे? गावातल्या सगळ्या पराती एकाच भट्टीत. कुणाची कुठली कळावी म्हणून खूण बांधायची, तरी अदलाबदल व्हायची, नि एका घरातला म्हातारा कोंबडा दुसऱ्याच्या ताटात गेला की ते भांडण ईस्टरपर्यंत पुरायचं. भट्टीला शब्द काय माहीत आहे? फोर्न! आपल्या पदेराचा फोर्न तोच. अरबी भाषेतला नव्हे हो, हा लॅटिनकडून आला, त्यांच्याकडे आणि आपल्याकडे वेगवेगळ्या वाटांनी. आणि कोंबड्याचं म्हणाल तर आपल्याकडे जुनी माणसं मध्यरात्रीच्या मिसाला ‘मिसा द गाल’च म्हणतात, कोंबड्याची मिसा. फक्त आपला कोंबडा आरवतो, त्यांचा शिजायचा.

मिसा सुटल्यावर गावच्या चौकात एक गरम पेय मिळतं, इम्बुलयूता. सुके चेस्टनट रात्रभर भिजवून, कोको, साखर, संत्र्याची साल आणि लवंग घालून शिजवायचे. पेय म्हणायचं, पण चमच्यानेच संपवावं लागतं. चव? उकडलेला कणंग कंद चॉकलेटमध्ये पडला तर कसा लागेल, तशी. सासूबाई शाकाहाराच्या वारी नुस्तं सोडत असतील तर त्या दिवशी हे चालेल, यात दूधही नसतं.

गेल्या अंकातल्या बेटावर बी अंधारात उगवतात असं तुम्ही फोनवर बोलताना सांगितलंत. शाळेत मुलांकडून करून घ्यायचं आहे. जमेल का? — प्राथमिक शिक्षिका, डिचोली

जमेल. मी दोनदा केलं, एकदा फसलं. पहिल्या वेळी कुळीथ घेतले, पाणी सढळ हाताने घातलं, आणि सहाव्या दिवशी कपाटातून असा वास सुटला की घरच्यांना उंदीर मेल्याचा संशय आला. आपली हवा दमट, ओला कापूस वाळतच नाही. दुसऱ्या वेळी गहू घेतला. रात्रभर भिजवला, सकाळी निथळून पसरट बशीत कापसाच्या पातळ थरावर पेरला, एकावर एक दाणा येऊ दिला नाही. पाणी हाताने शिंपडलं, ओतलं नाही. दिवसातून एकदा पाच मिनिटं कपाटाचं दार किलकिलं, तेही संध्याकाळी दिवे लावायच्या आधी, वारा लागावा म्हणून. पाच आठवडे लागत नाहीत इथे. ऊब आहे, मला बारा-तेरा दिवसांत वीतभर मिळाला. पांढरा नाही आला, फिकट पिवळा आला. कारण नातवाने मधे मधे उघडून बघितलं, असं मी समजते.

मुलांना मजा हवी तर एक बशी कपाटात आणि एक खिडकीत ठेवा. कपाटातली उंच होईल नि मलूल, खिडकीतली बुटकी नि हिरवी. विज्ञानाचा तासही होऊन जाईल. पेरायचं डिसेंबरच्या अकरा-बारा तारखेला, म्हणजे सुट्टी लागायच्या आत घरी नेता येईल. ख्रिस्ती मुलं गोठ्यात ठेवतील, बाकीची कुठे ठेवायची ते घरी ठरवतील. माझी देवघरात होती.

मी पाचवीत आहे. तिथे माझ्याएवढी मुलं चर्चमध्ये भाषण करतात असं आईने वाचून दाखवलं. ती विसरली तर काय होतं? मी स्वातंत्र्यदिनाला विसरले होते. — वाळपई

बाळ, तुझाच प्रश्न मला सगळ्यांत आवडला म्हणून शेवटी ठेवला.

माल्टात नाताळच्या मध्यरात्री प्रवचन पाद्री करत नाहीत, सात ते दहा वर्षांचं एखादं मूल करतं. कधी मुलगा, कधी मुलगी. ही पद्धत लुआ नावाच्या गावात १८८३ साली पहिल्यांदा झाली असं सांगतात. कुणाला करायचंय ते आधीच ठरतं, आणि मग आठवडेच्या आठवडे पाठांतर. आमच्या गल्लीतल्याच मुलीची पाळी होती. रोज संध्याकाळी खिडकीतून तिचा आवाज यायचा. एकच वाक्य, पुन्हा, पुन्हा. शेवटी शेवटी नान्नाचंसुद्धा ते पाठ झालं होतं.

चोवीसला तिला पांढरा झगा घातला, केस घट्ट बांधले आणि मोठ्या माणसांच्या उंचीच्या माइकपुढे स्टुलावर उभं केलं. चर्च गच्च. सुरुवात काय झोकात केली तिने! हात वर, हात खाली, बेथलेहेमकडे बोट, आकाशाकडे बोट. आणि मधेच थांबली. हात वरच राहिला. पहिल्या बाकावर आई ओठ हलवून शब्द सांगत होती, पण मुलीने आईकडे बघितलंच नाही. तुलाही माहीत असेल, त्या वेळी आईकडे बघितलं की रडू येतं. ती बघत होती समोरच्या खांबाकडे. कुणी हसलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. एक म्हातारा खोकला तेवढंच.

मग माझ्या शेजारून नान्नाने ते वाक्य म्हटलं. हळू, पण चर्चमध्ये हळू बोललेलंही वरपर्यंत जातं. मुलीने मान वळवून बघितलं, थोडी रागावल्यासारखी वाटली मला, आणि तेच वाक्य तिच्यापेक्षा मोठ्याने म्हणून पुढे निघाली. शेवटापर्यंत कुठे अडखळली नाही.

बाहेर चौकात ती इम्बुलयूता पीत होती, झग्यावर चॉकलेटचा डाग. नान्ना तिच्याजवळ गेली तर म्हणाली, मला आठवतच होतं, मी श्वास घेत होते.

तू स्वातंत्र्यदिनाला कुठल्या वाक्यावर थांबलीस, ते मला कळव.